रोजमेळ मिटवा, ताळेबंद पाहा



गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या अंकात याच सदरात मी एवढेच कळवले होते, की शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. तेव्हापासून अनेक भगिनी भेटल्या की विचारतात, "पुढे काय झाले? पूर्वीसारखे चालता येते का?" या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम लांबवले. पहिल्या दोन महिन्यांत ते दिले असते, तर ते सत्य असूनही अपुरे ठरले असते आणि कित्येकींचे धैर्य खचले असते. आज चौदा महिन्यांनी ते पुरतेपणी देता येईल, असे वाटते.

आमचे घर दुकानाच्या वर. खाली धान्याची आडत, वर संसार आणि मध्ये सोळा पायऱ्या. त्या पायऱ्या, पापड-कुरडयांची जमिनीवरची बैठक आणि वय या सर्वांनी मिळून गुडघ्यातली कूर्चा झिजवली. डॉक्टरांनी समजावले, की झिजलेले हाडाचे पृष्ठभाग तासून त्यांवर धातूचे आवरण बसवायचे आणि दोहोंच्या मध्ये विशिष्ट प्लास्टिकची गादी ठेवायची. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला वॉकर धरून उभे केले. मी चार पावले टाकली आणि मनाशी हिशेब मांडला : दुसऱ्या दिवशी चार पावले, तर महिन्याभरात बाजारपेठेला फेरी! माझी पहिली चूक तीच.

आमच्या यजमानांनी चाळीस वर्षे आडतीचा रोजमेळ लिहिला आहे. मी घरी येताच त्यांनी कोरी वही काढली, वर 'श्री' लिहिले आणि रकाने आखले : तारीख, गुडघा किती अंश वाकला, किती पावले चालले, किती गोळ्या घेतल्या, झोप किती लागली. पहिल्या पंधरवड्यात आकडे वाढत गेले. पासष्ट, बहात्तर, ऐंशी, नव्वद. संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर ते आकडा वाचून दाखवत आणि घरात जणू नफा झाल्याचा आनंद पसरे.

विसाव्या दिवशी आकडा चौऱ्याऐंशीवर आला. गुडघा सुजून गरम झाला होता. आदल्या दिवशी भेटायला आलेल्या मंडळींसमोर मी तासभर पाय खाली सोडून बसले होते आणि उत्साहाच्या भरात जिनाही दोनदा चढले-उतरले होते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, मी तर तिसऱ्या आठवड्यात देरासरात जाऊन आले होते." त्या प्रेमानेच बोलल्या, पण माझ्या कानांत ते वाक्य दिवसभर ठणकत राहिले. आपले काहीतरी बिघडले, आता आपण कायमच्या परावलंबी झालो, असेच वाटू लागले. दुखरा का असेना, आपला तो गुडघा बरा होता, असा पश्चात्तापही झाला. सूनबाई व्यायामासाठी आल्या तेव्हा मी त्यांना तोडून बोलले, "मला माझ्या नशिबावर सोडा." दोन दिवस मी व्यायाम केला नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा अधिकच आखडला.

मग फिजिओथेरपी करणाऱ्या ताई आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. पण त्यांनी आधी वही मागून घेतली आणि शांतपणे वाचली. म्हणाल्या, "काकू, हा आकडा गुडघ्याचा नाही, सुजेचा आहे. सूज आली की सांध्याला वाकायला जागा उरत नाही. काल जास्त झालेले काम आज दिसते आणि संध्याकाळचे माप सकाळच्यापेक्षा कमीच येते. रोज मोजून तुम्ही स्वतःला घाबरवता आहात." पुढे त्यांनी जे सांगितले ते मी आजही विसरलेले नाही. आरंभीच्या आठवड्यांत सांध्याच्या आत जखमेच्या चिवट पेशी तयार होतात. त्या काळात पाय सरळ करणे आणि वाकवणे सोडून दिले, तर आलेला ताठरपणा नंतर काढणे फार कठीण; क्वचित भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो. उलट अति केले तर सूज वाढते. व्यायामानंतरचे दुखणे तासा-दोन तासांत निवले तर प्रमाण योग्य. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले तर उद्या थोडे कमी करायचे, पण बंद करायचे नाही.

यजमान ऐकत होते. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "तुरीचा भाव एक दिवस पडला म्हणून आपण पेढी बंद केली नाही. चुकले माझेच. आता महिन्याचा ताळेबंद काढू." त्या दिवसापासून माप आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी.

तो ताळेबंद असा. दीड महिन्याने वॉकर सुटून काठी आली. तीन महिन्यांनी काठी कोपऱ्यात गेली आणि रात्रीची झोप परतली. सहा महिन्यांनी सूज केवळ दगदगीच्या दिवशी, तीही संध्याकाळी. वर्षाने असे काही तास येऊ लागले, की गुडघ्याची आठवणच होत नाही. मधले कित्येक दिवस मात्र मागच्या दिवसापेक्षा वाईटच होते.

जमेच्या बाजूसारखी नावेची बाजूही लिहिली पाहिजे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी त्वचा अजून बधिर आहे. चालताना कधी आतून टक् असा आवाज येतो. या दोन्ही गोष्टी अनेकांना जाणवतात, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मन निवांत झाले. मांडी घालून जमिनीवर बसणे मात्र माझ्या डॉक्टरांनी कायमचे वर्ज्य केले. हे मला सर्वांत जड गेले. स्थानकात मागच्या भिंतीशी खुर्च्यांची रांग असते. तिथे बसणाऱ्यांकडे मी पूर्वी मनातल्या मनात थोड्या तुच्छतेनेच पाहत असे. आज माझे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक त्याच रांगेत होते. आसन सुटले, त्याबरोबर थोडा अहंकारही सुटला, असे म्हणण्याइतकी माझी तयारी आता झाली आहे.

चौविहार पाळणाऱ्या घरांत गोळ्यांच्या वेळांचा प्रश्न हमखास येतो. तो शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांसमोर मांडावा. माझ्या बहुतेक गोळ्या त्यांनी सूर्यास्तापूर्वी बसवून दिल्या. रात्रीची एक गोळी टाळता येत नव्हती, तेव्हा साध्वीजींना विचारून औषधापुरती सूट ठेवली. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. वेदना आवरली नाही तर व्यायाम होत नाही आणि व्यायाम झाला नाही तर शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही. पर्युषण जवळ आले आहे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नयेत. जखम भरून यायला मूग, डाळी, दूध-दही यांची गरज असते.

घरच्यांसाठी काही गोष्टी सांगते. झोपताना गुडघ्याखाली उशी देऊ नका, त्याने पाय वाकलेलाच राहतो. उशी टाचेखाली द्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. चालण्याच्या वाटेवरची पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटेच ठेवा. मात्र पोटरी एकाएकी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून स्राव होऊ लागला, तर 'चढ-उतार असतातच' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा. आणि दुसऱ्या कोणाच्या गुडघ्याची कथा रुग्णाला ऐकवू नका. तिचे वय निराळे, हाड निराळे, स्नायूंची ताकद निराळी. दुसऱ्याच्या पेढीचा नफा आपल्या वहीत लिहिता येत नाही.

गेल्या संवत्सरीला प्रतिक्रमण आटोपून घरी आले, तेव्हा सर्वांत आधी सूनबाईंना जवळ बोलावले आणि त्या विसाव्या दिवसाच्या शब्दांबद्दल मिच्छामि दुक्कडम् म्हटले. त्या म्हणाल्या, "आई, ते तुम्ही नाही, गुडघा बोलला होता." मी म्हटले, "गुडघा माझाच होता."

दिवाळीनंतर डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करण्याचे ठरले आहे. भीती गेली, असे म्हटले तर ते असत्य होईल. परंतु या खेपेला विसावा दिवस येणार हे मला ठाऊक आहे आणि त्याच्या पुढे एकविसावा असतो हेही. यजमानांनी नवी वही आणून ठेवली आहे. तिच्यात रकाने बाराच आखले आहेत, महिन्याला एक.