शिडीवाल्यांची सुधारणा

ट्यूनिसच्या ऊद-अरबीला तारांच्या चार जोड्या: धील, हसीन, माया, रमल. त्या खालून वर ओळीने लागत नाहीत. मध्येच सूर उडी घेतो. हा म्हणे अडाणीपणा! म्हणून सुधारक इजिप्ती ऊदाच्या तारा चढवून मध्यमाच्या अंतरांची शिडी लावतात. मी विचारतो, तंबोऱ्यात पंचमानंतर जोडीचे षड्ज आणि शेवटी खर्ज का? तो कुणी ओळीत लावील काय? १९३२ साली कैरोच्या परिषदेत खमैस तर्नान हेच वाद्य घेऊन बसले होते. मालूफमधल्या बोटांच्या जुन्या चाली त्या उडीवरच बसल्या आहेत. तार निवडावी ती सूर आणि तारेची लांबी पाहून. उसना संच भलत्या सुराला लावला की एक तार लोळते, दुसरी तुटते, आणि दोष मात्र वाद्याला!