खिशातील कॅमेऱ्याचा जमाखर्च

मोबाइल हाती आल्यापासून घरातील छोटा डिजिटल कॅमेरा ठेवावा की मोडीत काढावा, असा प्रश्न अनेक वाचक विचारतात. बँकेतील सवयीनुसार प्रथम नावेची बाजू पाहू.

धाराशिव लेण्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पार्श्वनाथांच्या मूर्तीसमोर, हा कॅमेरा उणा पडतो. प्रकाश टिपणारा त्याचा संवेदक जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. अंधारात चित्र दाणेदार होते. आजच्या चांगल्या मोबाइलचा संवेदक बहुधा याहून मोठा असतो. फ्लॅश लावावा, तर समोरून पडणाऱ्या झोताने पाषाणातील खोली नाहीशी होते. शिवाय दर्शनाला आलेल्यांच्या ध्यानात व्यत्यय येतो, तो निराळाच. त्यापेक्षा कॅमेरा स्थिर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. १८७५-७६ मध्ये या लेण्यांची पाहणी करणाऱ्या बर्जेस यांना ही सोय कुठली?

जमेची बाजू नळदुर्गात कळते. पाणीमहालावरून कोसळणारी बोरी नदी दूरच्या तटावरून टिपताना भिंगाचा खरा झूम कामी येतो. साध्या मोबाइलमध्ये चित्र नुसते ताणले जाते. मध्येच फोनही वाजत नाही!

माझे मत विचाराल, तर नवा घेऊ नये. असलेला मात्र तीर्थयात्रेसाठी जपावा. जुन्या मॉडेलची बॅटरी मिळेनाशी होते, म्हणून ती आधी तपासावी. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर तारीखही पुन्हा लावावी. अन्यथा यंदाच्या यात्रेच्या छायाचित्रांवर भलतेच वर्ष उमटते.