२६ जानेवारीची ग्रामसभा आणि उसाच्या फडातला पाडा

सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर २६ जानेवारीची ग्रामसभा पाहिली. झेंडावंदन झाले, ठराव वाचले गेले, रजिस्टर फिरले. समोर मात्र म्हातारी माणसे आणि शाळेची मुलेच होती. कमावते हात दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेले होते.

जळगावातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळ्यातील साक्री, शिरपूर या तालुक्यांचे काही भाग पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यात गाव म्हणजे केवळ महसुली नोंद नव्हे. आपल्या रूढीने कारभार चालवणारा पाडाही गावच. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यातील मतदार बहुमताने ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे स्वतंत्र ग्रामसभेची मागणी करू शकतात.

हे का महत्त्वाचे? गट ग्रामपंचायतीत मोठ्या गावाची मते जास्त, पाड्याचा आवाज लहान. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी यांच्यावर लक्ष ठेवण्याचा अधिकारही कायद्यात आहे. सामूहिक वनहक्काचा दावा ग्रामसभेतूनच जातो. त्यासाठी निम्मे सभासद हजर हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. अर्धा पाडा फडात असताना हा कोरम कसा भरणार?

संस्कृतीचेही तेच. रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख जपण्याचे काम पेसाने ग्रामसभेवर सोपवले आहे. पण आपल्याकडे संस्कृती म्हणजे ९ ऑगस्टच्या मंचावरचा नाच. पावरी बोलणारे मूल अंगणवाडीत गप्प बसते, हा प्रश्न त्या मंचावर येत नाही. तो ग्रामसभेत यायला हवा.

१९२८ च्या स्टार्ट समितीने अस्पृश्य आणि आदिवासी, दोघांच्याही स्थितीची पाहणी केली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. हा वारसा सांगणाऱ्या आपण पाड्यावर जाऊन भाषणे ठोकू नयेत. ठरावाचा मसुदा लिहायला, अर्जाची पोच मिळवायला, कायदा पावरी-भिलीत समजावायला मदत करावी. बोलतील ते तिथलेच लोक.

होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, फडावरची बरीच माणसे घरी येतात. पाड्याची सभा तेव्हा घ्या. तारीख सरकारी सोयीची नको, माणसांच्या सोयीची हवी.

जय भीम! जय आदिवासी!