देवणी, लाल कंधारी आणि रक्तशुद्धीचा भ्रम

मांजरा आणि मन्याड यांच्या खोऱ्यांत, बालाघाटाच्या माळरानावर, गाईबैलांच्या दोन जाती कित्येक पिढ्या नांदत आल्या आहेत: नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांची लाल कंधारी, आणि लातूर जिल्ह्यातील देवणी-उदगीर पट्ट्याची, जुन्या पुस्तकांत कधी डोंगरपट्टी या नावानेही आढळणारी, देवणी. यांच्या भवितव्याविषयी आज दोन पक्ष हिरिरीने बोलत असतात. एक म्हणतो, कमी दुधाची ही जनावरे पोसणे हा दुष्काळी मुलखाला न परवडणारा शौक आहे; दुसरा म्हणतो, ही शुद्ध रक्ताची पवित्र गाय आहे, तिला परक्याचा स्पर्श होऊ दिला नाही की आपले कर्तव्य संपले. परस्परांना शत्रू समजणारे हे दोन्ही पक्ष आनुवंशिकीच्या एकाच अज्ञानावर उभे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पक्षाची कैफियत आधी ऐकू, कारण ती पोकळ नाही. देवणीचे एका वेताचे दूध सरासरीने नऊशे किलोच्या आतबाहेर, लाल कंधारीचे सहाशेच्या आसपास. संकरित गाय याच्या कैक पटीने दूध देते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ संस्था काढली आणि पुढे संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात नेली, तिने अनेकांच्या घरची चूल पेटती ठेवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या जमाखर्चात खर्चाचे पान कोरेच राहते. संकराच्या पहिल्या पिढीत जो जोम दिसतो, तो दोन दूरच्या वंशांची भिन्न जनुके जागोजाग जोडीने आल्यामुळे. त्याच संकरित गाईला संकरितच वळू दाखविला की पुढच्या पिढीत तो निम्म्यावर येतो, आणि दूध टिकविण्यासाठी परदेशी रक्ताचा अंश वाढवीत जावे तर गोचीडताप आणि वैशाखाचे ऊन आपला वाटा मागू लागतात. म्हणजे संकराचा धंदा नीट चालवायचा म्हटला तरी मूळ देशी गाय शिल्लक असावीच लागते. जी मोडीत काढायची तीच ज्या धंद्याचे भांडवल, तो धंदा किती दिवस चालणार? शिवाय ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे कमी पाण्यावर आणि कडब्यावर तग धरणे हा गुण लिटरच्या मापात मोजता येत नाही म्हणून तो गुणच नव्हे, असे कोणी म्हणावे!

बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतले, हा याच पक्षाचा दुसरा मुद्दा. नांगरटीपुरता तो खरा आहे. पण मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात वाफसा येतो न येतो तोच सोयाबीनच्या दोन ओळींतून कोळपे फिरवायचे असते, आणि तेव्हा दोन-चार एकरांचा धनी बैलजोडीच शोधतो. वशिंड खुजे आणि उन्हात धापा टाकणारा संकरित गोऱ्हा त्या जुवाखाली फार वेळ उभा राहत नाही.

आता दुसरा पक्ष. लाल कंधारीला चौथ्या शतकातील सोमदेवराय राजाचा आश्रय लाभला होता, असे कंधारकडे सांगतात. आख्यायिका म्हणून ती ठीक आहे. देवणीची गोष्ट मात्र शुद्धतावाद्यांना अडचणीची आहे. तिचे फुगीर कपाळ आणि लोंबते कान गुजरातेतील गीरची आठवण देतात, आणि गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून सुमारे दोन शतकांत ही जात घडली, असेच जाणकार मानतात. तिच्यात आजही तीन रंगांची घराणी नांदतात: पांढऱ्या अंगाची पण तोंडाच्या बाजूंनी काळी वानेरा, पांढरी पण अंगाच्या खालच्या बाजूस काळे ठिपके असलेली बालंक्या, आणि सर्वांगावर वेड्यावाकड्या काळ्या डागांची शेवरा. जी स्वतःच एका यशस्वी संकराची संतती, तिच्या रक्ताच्या सोवळ्याचा कैवार घेणे म्हणजे तिचा इतिहासच नाकारणे होय. जात घडते ती रक्ताच्या बंदोबस्ताने नव्हे, तर एका मुलखातील शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या एकाच हेतूने केलेल्या निवडीने.

आणि निवडीला निवडण्याजोगे काही समोर असावे लागते. येथे आनुवंशिकीचा एक साधा हिशेब वाचकाने समजून घ्यावा, कारण सारा वाद त्यावर येऊन ठेपतो. कळपात गाई कितीही असोत, पुढच्या पिढीची निम्मी जनुके वळूंकडूनच येतात. अमेरिकी शास्त्रज्ञ सेवॉल राइट यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे एक हजार गाईंमागे पाचच वळू असतील तर आनुवंशिक दृष्ट्या तो कळप अवघ्या वीस जनावरांच्या मोलाचा ठरतो, आणि दर पिढीस सुमारे अडीच टक्क्यांनी सगोत्रता वाढते. त्याच हजार गाईंमागे चाळीस वळू ठेवले की ते मोल दीडशेच्या वर जाते. गाई तेवढ्याच, चारा जवळजवळ तेवढाच, पण भविष्य सातपटीने मोठे.

याची किंमत काय पडते, हे होल्स्टीन जातीने जगाला दाखविले आहे. १९६२ साली जन्मलेल्या ‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ या वळूच्या मुलीच सोळा हजार होत्या. त्याच्या दुधाळ गुणांबरोबर एक सदोष जनुकही देशोदेशी पसरले, आणि ते दोन्ही बाजूंनी आले की गर्भ पोटातच मरे. दोष नेमका उमगेपर्यंत त्यापायी पाच लाखांवर गर्भपात झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा वळू रक्ताने अस्सल होता, यात शंका नाही!

गोठविलेल्या रेतमात्रा साठवून ठेवल्या की काम झाले, असे म्हणणाराही एक वर्ग आहे. साठवण अवश्य असावी; पण द्रव नत्रात ठेवलेला वंश नव्या रोगाशी झुंजत नाही, बदलत्या पावसाशी जुळवून घेत नाही. ती विम्याची पावती आहे, पीक नव्हे. तसेच २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाची कत्तल बंद झाली. त्यामागील भावनेविषयी येथे वाद नाही, मात्र म्हाताऱ्या जनावराची किंमत शून्यावर आली की गोऱ्हा वाढविण्याची उमेद खचते, आणि गोऱ्हाच वाढला नाही तर वळू येणार कोठून?

लोह्याजवळच्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथे रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा होतो. गोऱ्हा आदत की दुसा हे ओठ वर करून पाहिले जाते, वशिंडावर थाप पडते, रंगाला रंग आणि शिंगाला शिंग जुळणारी जोडी शोधली जाते. ही बारकाईची नजर हीच या जातींची खरी कर्ती. पण त्याच मैदानावर प्रदर्शनात पहिला आलेला वळू सर्वांना हवासा होतो, आणि चार-दोन वर्षांत पंचक्रोशीतील वासरे एकाच बापाची निघू लागतात. गौरवाच्या हाताने आपण वंशाचा गळा आवळतो तो असा. म्हणून बक्षीस देणाऱ्यांनी वळूच्या आईचे दूध आणि त्याच्या बापाचे घराणे वहीत नोंदवावे, एका बापाच्या दोन लेकांना एकाच वर्षी पहिले-दुसरे देऊ नये, आणि बक्षिसाच्या रकमेचा काही हिस्सा, वेगळ्या घराण्याचा वळू दूरच्या गावी तीन वर्षे सांभाळण्याची हमी देणाऱ्या पशुपालकासाठी राखून ठेवावा.