बाराव्या हिश्श्याचे घर

आपल्याकडे लहानपणी मुली भातुकली मांडतात आणि दिवाळीत मुलगे अंगणात किल्ला बांधतात. सातवी-आठवीत गेले की, 'आता खेळ पुरे, अभ्यासाला लागा' असे सांगितले जाते. पुढे अभ्यासाचाच भाग म्हणून 'प्रकल्प' करायचा असतो, आणि तो बरेचदा दुकानातून विकत येतो. रंगवलेला, चकचकीत, नाव घालायला जागा सोडलेला! हाताने करण्याचे वय झाले, तेव्हाच हात थांबवायचे आणि पाकीट उघडायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

मला वाटते, आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा भातुकलीकडे वळावे. मात्र या वेळी हातात मोजपट्टी घेऊन. जुन्या पद्धतीचे एखादे घर, त्यातल्या सामानासह, ठरावीक प्रमाणात लहान करून स्वतः बांधणे हा पदार्थविज्ञानाचा उत्तम प्रयोग आहे. शाळांनी तो विज्ञानाचा प्रकल्प म्हणून स्वीकारावा, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे देतो.

प्रथम एका प्रसिद्ध उदाहरणाकडे पाहू. मुंबईचे 'गेटवे ऑफ इंडिया' तुम्हाला ठाऊक आहे. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली मुंबईत उतरले, त्याचे ते स्मारक. १९२४ साली ते खुले झाले. त्याच वर्षी लंडनजवळ वेम्बली येथील प्रदर्शनात या राणीसाठी बांधलेले एक बाहुलीघर लोकांना पाहायला मिळाले. त्याचे काम १९२१ ते १९२४ या काळात चालले. वास्तुशिल्पी होते सर एडविन ल्युटेन्स. आज ज्याला आपण राष्ट्रपती भवन म्हणतो, त्या दिल्लीच्या प्रचंड वास्तूचे कामही त्याच वर्षांत त्यांच्याकडे होते. एका हाताने मोठ्यात मोठे आणि दुसऱ्या हाताने लहानात लहान!

हे घर आज विंडसर किल्ल्यात आहे. सुमारे १५०० कलावंत, कारागीर आणि उत्पादक यांचा त्याला हात लागला. त्यात विजेचे दिवे लागतात, उद्‌वाहक चालतात आणि नळाला पाणी येते. ग्रंथालयातल्या इवल्या पुस्तकांत नामांकित लेखकांनी मुद्दाम लिहून दिलेला मजकूर आहे. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल त्यांपैकी एक. हा सारा राजेशाही थाट आपल्याला परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रमाण. या घरातली प्रत्येक लांबी खऱ्या लांबीच्या बाराव्या हिश्श्याएवढी आहे. म्हणजे १ फुटाला १ इंच.

आता गणित करू. लांबी बारा पटींनी कमी केली, की क्षेत्रफळ १४४ पटींनी कमी होते आणि घनफळ १७२८ पटींनी. पदार्थ तोच असेल तर वजनही १७२८ पटींनी उतरते. २४ कि.ग्रॅ. वजनाचा सागवानी दरवाजा अवघा १४ ग्रॅमचा होतो. ६० कि.ग्रॅ. वजनाचा माणूस या घरात राहायला आला, तर तो ३५ ग्रॅमचा असेल. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ एकाच चालीने लहान होत नाहीत, ही साधी गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. तुमच्या पुस्तकात ती एखाद्या ओळीत येऊन जाते. बाहुलीघर बांधताना मात्र ती पदोपदी आडवी येते, आणि तिथेच खरे शिक्षण सुरू होते.

समजा, तुम्ही जुन्या मराठी वाड्याचा एक भाग बांधायला घेतला. ओसरीवर झोपाळा हवाच. खऱ्या झोपाळ्याच्या कड्या २.१ मीटर लांब असतील, तर तुमच्या झोपाळ्याच्या १७.५ से.मी. होतील. दोऱ्याला लाकडाची चपटी पट्टी बांधा, हलकेच झोका द्या आणि पाहा. खऱ्या झोपाळ्याला एक पूर्ण झोका घ्यायला जवळजवळ २.९ सेकंद लागतात. तुमचा झोपाळा तो ०.८४ सेकंदात घेतो. डौल गेला, लगबग उरली! कारण लंबकाचा आवर्तकाल लांबीच्या वर्गमूळावर अवलंबून असतो. लांबी बारा पट कमी झाली, तर काल साडेतीन पट कमी होतो. तुम्ही कड्या लहान केल्यात, पण पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण काही लहान केले नाहीत. म्हणूनच चित्रपटात छोट्या प्रतिकृतीची पडझड खरी वाटावी यासाठी कॅमेरा नेहमीपेक्षा जलद चालवून चित्रण करतात आणि पडद्यावर ते संथ गतीने दाखवतात.

आता स्वयंपाकघरात चला. तांब्याचे तोंड ७ से.मी. रुंद असते, म्हणून तुम्ही मातीचा ६ मि.मी. तोंडाचा तांब्या घडवला, भाजला, त्यात पाणी भरले आणि हळूच उपडा केला. पाणी बहुधा पडणारच नाही! पृष्ठताण ते धरून ठेवतो. खऱ्या तांब्यातही पृष्ठताण असतो, पण तिथे पाण्याचे वजन त्याला दाद देत नाही. नळाचेही तेच. १ मि.मी. जाडीच्या नळीतून पाणी ठिबकू द्या. पडणारा थेंब ३ मि.मी.हून थोडा मोठा असतो. बाराने गुणा. या घरातल्या माणसाच्या दृष्टीने नळातून एकेक लिंबू गळत आहे! विंडसरच्या घरातही पाण्याचा थेंब असाच वागणार. निसर्गाचे नियम राजाचा मान ठेवत नाहीत.

कापडाचा हट्ट तर याहून मोठा. वलणीवर वाळत घातलेले लुगडे दाखवायचे आहे. नेहमीच्या सुती कापडाची योग्य मापाची पट्टी कापून दांडीवर टाकली, तर ती खाली लोंबत नाही. पुठ्ठ्यासारखी फाकून उभी राहते. पट्टीची लांबी-रुंदी तुम्ही कमी केलीत, पण कापडाची जाडी तीच राहिली, म्हणून त्याचा ताठपणाही तोच राहिला. त्याला खाली ओढणारे वजन मात्र घटले. यावर उपाय आहे. जुने, विरलेले मलमल घ्यावे, भाताच्या पातळ पेजेत भिजवावे, बोटांनी चुण्या पाडाव्यात आणि वाळेपर्यंत दोऱ्याने बांधून ठेवावे. कागदाचीही तीच तऱ्हा. वहीचा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. बाहुलीच्या पोथीत तो १.२ मि.मी. जाडीचा पुठ्ठा ठरतो. देवघरातल्या निरांजनाची २ से.मी.ची ज्योत तिथे २४ से.मी.ची होईल. ज्योत हवी तेवढी लहान करता येत नाही. म्हणून तिथे छोटा एल.ई.डी. दिवाच लावावा लागतो. त्याला ३ व्होल्ट लागत असतील आणि घट ९ व्होल्टचा असेल, तर मध्ये ३३० ओहमचा रोध घाला. किती विद्युतधारा वाहील, ते ओहमच्या नियमाने तुम्हीच काढा.

घर स्वतःच्या हातांनी का बांधायचे, याचे उत्तर यातच आहे. बाजारात कापून ठेवलेल्या तुकड्यांचे तयार संच मिळतात. ते जुळवले की घर उभे राहते, दिसतेही सुरेख. पण त्यात कापड का लोंबत नाही, हा प्रश्न कोणीतरी तुमच्या आधीच सोडवून टाकलेला असतो आणि त्याचे उत्तर तुमच्यापासून लपवलेले असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी माझ्यासमोर येतात. लंबकाचे सूत्र त्यांना तोंडपाठ असते. पण स्वतः घेतलेले माप आणि पुस्तकातले उत्तर यांत फरक पडला, की ते माप खोडतात. सूत्रावर त्यांचा विश्वास असतो, स्वतःच्या हातावर नसतो. हा विश्वास अठराव्या वर्षी अचानक येत नाही. तो तेराव्या-चौदाव्या वर्षी कात्री, करवत आणि मोजपट्टी वापरताना यावा लागतो.

यात एक इशाराही आहे. तुमच्या वाड्याच्या तुळया काडीएवढ्या असूनही वाकणार नाहीत. त्यावरून खऱ्या वाड्याच्या तुळया मजबूत आहेत, असे समजू नका. आकार वाढत गेला, की वजन घनफळाच्या चालीने वाढते आणि ते पेलणारा छेद क्षेत्रफळाच्याच चालीने वाढतो. म्हणून लहान वस्तू प्रमाणाने नेहमीच बळकट वाटते. प्राण्यांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका गाजलेल्या निबंधात तो फार मजेशीरपणे समजावला आहे. हे शास्त्रज्ञ पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

आता, घर 'जुन्या पद्धतीचे' का? हव्या त्या आकाराचे काल्पनिक घर बांधले तर चूक कोण काढणार? पण जुने घर म्हटले, की पुरावा लागतो. जर्मनीत न्युरेम्बर्ग येथील संग्रहालयात १६३९ सालचे एक बाहुलीघर जपून ठेवले आहे. त्या काळची खरी घरे बदलली, पडली. पण स्वयंपाकघरात भांडी कशी मांडत, हे त्या छोट्या घरातून आजही दिसते. अमेरिकेत शिकागोच्या कलासंग्रहालयात नार्सिसा थॉर्न या बाईंनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून करवून घेतलेली ६८ छोटी दालने आहेत. तीही १ फुटाला १ इंच याच प्रमाणात. वेगवेगळ्या शतकांतल्या खोल्या कशा सजवल्या जात, ते तिथे एका दालनापुढून दुसऱ्यापुढे जात पाहता येते.

आपल्याकडे असे करायचे, तर लगेच शनिवारवाड्याकडे धाव घेऊ नका. त्याच्या आतल्या इमारती १८२८ सालच्या आगीत जळून गेल्या. तिथे तुम्हाला मोजण्यापेक्षा कल्पनाच जास्त करावी लागेल. त्यापेक्षा आपल्या गावातले, आळीतले एखादे जुने घर शोधा. मालकांची परवानगी घ्या. दोन खांबांमधले अंतर, उंबऱ्याची उंची, कोनाड्याची खोली, कडीपाटाच्या फळीची रुंदी हे सारे मोजून वहीत उतरवा. फडताळ, शिंकाळे, उखळ, जाते, पाटा-वरवंटा, बंब यांची मापे घ्या. त्या वस्तू कशा वापरत, हे घरातल्या आजींना विचारा. वहीत दोन रकाने करा. एकात स्वतः मोजलेले, दुसऱ्यात अंदाजाने ठरवलेले. हे दोन रकाने वेगळे ठेवणे, यालाच वैज्ञानिक वृत्ती म्हणतात. ही घरे आज झपाट्याने पाडली जात आहेत. घर पाडले गेले, तरी तुमच्या वहीतली मापे उरतील. हा काही लहान लाभ नव्हे.

काही आक्षेप मी ऐकून आहे. एक असा, की यात वेळ फार जातो. जातो खरा. म्हणून संपूर्ण वाडा नकोच. चार जणांनी मिळून एकच खोली बांधावी. एखादे माजघर किंवा स्वयंपाकघर पुरे. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण जुने पुठ्ठे, आगपेटीच्या काड्या, खराट्याचे हीर, कुंभाराकडची माती, शिंप्याकडच्या चिंध्या आणि घरी शिजवलेली खळ एवढ्यावर बरेच काम भागते. आणि तिसरा आक्षेप, 'मुलग्यांनी बाहुलीघर कसे करायचे?' राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही, तर नववीतल्या मुलाला का वाटावा? तसेच किल्ल्याच्या बुरुजाचे माप घेण्याचा आणि करवत चालवण्याचा हक्क मुलींनाही तेवढाच आहे. भातुकली मुलींची आणि किल्ला मुलग्यांचा, ही वाटणी विज्ञानाने केलेली नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. अशा प्रकल्पाला २० गुण ठेवले, तर हस्तकौशल्याला ४ द्यावेत. ८ गुण मापांच्या वहीला द्यावेत. उरलेले ८ गुण एका वेगळ्या यादीला द्यावेत. त्या यादीचे शीर्षक असावे, 'जे लहान झाले नाही.' झोपाळ्याचा झोका, पाण्याचा थेंब, लुगड्याची चुणी, दिव्याची ज्योत अशी एकेक नोंद आणि तिच्यापुढे कारण. दुकानातून आणलेल्या प्रतिकृतीसोबत ही यादी मिळत नाही. भिंत थोडी वाकडी आली, रंग ओघळला, तरी हरकत नाही. ज्याची यादी लांब, त्याचा प्रकल्प चांगला.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही गुणांची वाट पाहू नका. येत्या सुटीत घरातल्या एखाद्या पाटाची किंवा स्टुलाची लांबी, रुंदी, उंची मोजा, बाराने भागा आणि पुठ्ठ्यातून तेवढीच वस्तू कापा. ती खऱ्या वस्तूशेजारी ठेवून, दोन्हींत काय सारखे राहिले आणि काय बदलले, ते लिहून काढा. तुमच्या यादीची पहिली ओळ तिथेच सापडेल.