फळ न देणारं रातांब्याचं झाड

मित्रांनो,

गेल्या महिन्यात आपल्या या सदराच्या टपालात एक पत्र आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, सातवीतल्या मुलानं लिहिलेलं. पत्र छोटंसंच आहे. तुम्हीच वाचा :

"झाडकाका, सा. न. वि. वि. माझ्या जन्माच्या वर्षी आजीनं परसात रातांब्याची बी लावली होती. झाड आता कौलांना टेकलंय. तीन वर्षं झाली, थंडीत फुलं येतात, खाली सडा पडतो, पण आजपर्यंत एकही रातांबा धरला नाही. शेजारच्या काकूंच्या झाडाला मात्र टोपल्या भरभरून लागतात. अण्णा म्हणतात, हे झाड वांझ आहे, मे महिन्यात तोडून तिथे माड लावू. आजी काहीच बोलत नाही. झाडाला कुठलं खत घालू ते लवकर कळवा."

मी लगेच पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं, "बाळा, खत राहू दे. तुझ्या झाडाची आणि काकूंच्या झाडाची पाच-पाच फुलं जुन्या वहीत दाबून वाळव आणि वेगवेगळ्या कागदांत मला पाठव."

फुलं येईपर्यंत आपण या झाडाशी ओळख करून घेऊ या.

रातांबा म्हणजेच कोकम. मालवणात आणि गोव्यात त्याला भिरंड असंही म्हणतात. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीन नावाचं महागडं फळ बाजारात पाहिलं असेल ना, ते याच्याच भाऊबंदांपैकी. कोकम मूळचं आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकातही या फळाची दखल घेतली आहे.

हे झाड सदाहरित. म्हणजे पळस-सावरीसारखं ते कधी उघडंबोडकं होत नाही. फांद्या खाली झुकलेल्या, पानं गर्द हिरवी आणि चकचकीत. कोवळी पालवी मात्र लालसर. कोकणातल्या मुलांना ती चावून आंबट तोंड करायची चांगली सवय असते!

थंडीत फुलं येतात आणि एप्रिल-मेमध्ये लालजांभळे रातांबे पिकतात. मग घरोघरी धांदल. कारण वर ढग जमायला लागलेले असतात आणि पहिल्या पावसाच्या आत सालं वाळायला हवीत. रातांबा फोडायचा, गर आणि बिया काढायच्या आणि साल उन्हात घालायची. ती वाळली की मीठ घातलेल्या रसात भिजवून पुन्हा वाळवायची. अशी तीन-चार पुटं दिली की झाली आमसुलं. नुसत्या खारवलेल्या रसाला आगळ म्हणतात. त्यात नारळाचं दूध घातलं की सोलकढी. सालीच्या वाट्यांत साखर भरून ठेवली की सुटतं ते अमृत कोकम. बियासुद्धा वाया जात नाहीत, त्यांचं तेल काढतात. गंमत म्हणजे हे तेल घरात ठेवलं तरी मेणासारखं घट्ट राहतं. थंडीत पायांना भेगा पडल्या की कोकणातल्या आज्या ते किंचित गरम करून लावतात.

असं हे गुणी झाड. मग आपल्या दोस्ताच्या झाडालाच काय झालं?

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत दोन पुड्या. एकीवर लिहिलं होतं 'आमचं', दुसरीवर 'काकूंचं'. भिंग घेऊन बसलो आणि दोन मिनिटांत उलगडा झाला.

दोन्ही फुलांना चार-चार जाडसर पाकळ्या. पण काकूंच्या फुलात मधोमध एक बारीक गोळा होता, वाटाण्यापेक्षाही लहान. तो म्हणजे अंडाशय, उद्याचा रातांबा. त्याच्या डोक्यावर कळ्या-कळ्यांची टोपी, ती कुक्षी. आपल्या दोस्ताच्या फुलात हा गोळाच नव्हता. त्या जागी होता पुंकेसरांचा दाट झुपका.

आता आलं लक्षात? ते झाड वांझ नाही, आजारी नाही आणि उपाशीही नाही. ते नर आहे!

जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. पण काही झाडं याच्याही पुढे गेली. त्यांच्यात नर झाडच वेगळं आणि मादी झाड वेगळं. पपई तुमच्या ओळखीची. ताड आणि जायफळ त्याच पंगतीतले. कोकमही तसंच. क्वचित एखाद्या कोकमावर दोन्ही प्रकारची फुलं सापडतात, पण तो अपवाद.

रातांबा धरतो मादी झाडावर. पण त्यासाठी नर फुलातला पराग तिथे पोचावा लागतो. म्हणूनच कोकमाची बाग लावताना नऊ-दहा मादी झाडांमागे एक तरी नर झाड ठेवावं, असं सांगतात.

आता मी आमच्या दोस्ताला दुसरं पत्र लिहिलं, त्यातली दोन वाक्यं तुम्हालाही सांगतो : "काकूंकडे टोपलीभर रातांबे लागतात, त्यात तुझ्या झाडाचा वाटा असणार. आसपास दुसरं नर झाड आहे का ते शोध. नसेल, तर तुझं झाड तोडल्यावर काकूंची टोपलीही रिकामी व्हायला लागेल."

हे मी नुसतं पुस्तकात वाचून लिहिलं नाही. लहानपणी आमच्या गावच्या घरामागे रातांब्याची दोन झाडं होती. विहिरीकडे जायची वाट रुंद करायची म्हणून त्यातलं 'बिनकामाचं' झाड तोडलं. मलाही तेव्हा काही वाटलं नाही, उलट ओंडक्यावर बसून आम्ही खेळलो. पुढे दुसऱ्या झाडाचे रातांबे कमी कमी होत गेले. घरच्यांनी खत घातलं, पाणी घातलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. खरं कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर फार उशीर झाला होता.

तुम्ही विचाराल, आधीच ओळखता येत नाही का? नाही ना! रोप नर की मादी, हे नुसतं बघून कळत नाही. बियांपासून लावलेल्या झाडाला फुलं यायला सात-आठ वर्षं किंवा जास्तही लागतात. आणि बियांपासून उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, निम्मी मादी.

इथे थोडं गणित करा. एकच बी लावली, तर नर निघण्याची शक्यता दोनात एक. दोन लावल्या, तर दोन्ही नर निघण्याची शक्यता चारात एक. चार लावल्या तर चारही नर निघण्याची? सोळात एक! आजीनं एकच बी लावली होती. नाणं उडवलं आणि काटा पडला, एवढंच. त्यात आजीची चूक नाही आणि झाडाचीही नाही.

नाणं उडवायचं नसेल तर कलम लावावं. मादी झाडाची काडी रोपावर बांधून केलेलं कलम मादीच निघतं आणि पाच-सहा वर्षांत फळाला येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेल्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जातींची कलमं लावता येतात.

लागवड अशी करा :

१. मे महिन्यात दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणा. आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. मग चांगली माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा.

२. पाऊस स्थिरावला की रोप लावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल आणि जोड पक्का झाला असेल, तर ती हलक्या हातानं सोडवा.

३. जोडाच्या खालून फुटवा आला तर लगेच खुडा. तो मूळ रोपाचा असतो. तो वाढला की कलम मागे पडतं, आणि मूळ रोप नर असलं तर सगळीच फसगत.

४. कोकमाला लहानपणी सावली आवडते. नारळी-पोफळीच्या बागेत ते खूश असतं. उघड्यावर लावलंत तर पहिली दोन-तीन वर्षं झावळ्यांची सावली करा.

५. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नका. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, ओल टिकते. बुंध्याशी मात्र तळं साचू देऊ नका.

६. बी लावणार असाल तर ताजी लावा. गर धुऊन, एक-दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरा. डब्यात जपून ठेवलेली बी पुढच्या वर्षी उगवत नाही. आणि एक नको, चार-पाच बिया लावा. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे!

सोलापूर-बीडकडच्या दोस्तांनी मात्र विचार करून लावावं. कोरडी हवा आणि कडक ऊन या झाडाला मानवत नाही.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. परसातलं झाड फळत नसेल तर कुऱ्हाड काढण्याआधी एक हंगाम त्याची फुलं पाहा, मुलांना बरोबर घ्या. कोकम नर निघालं तरी उपाय आहे. जाणत्या कलम करणाऱ्याला बोलावून त्याच्या काही फांद्यांवर मादी झाडाच्या काड्या बांधता येतात. दोन-तीन फांद्या नर ठेवल्या की परागही घरचा आणि फळही घरचं. त्यासाठी योग्य हंगाम कोणता, ते जवळच्या रोपवाटिकेत विचारा.

आणि हो, तिसरं पत्र परवाच आलं. दोस्त लिहितो :

"गावभर फिरलो. आमच्या वाडीत दुसरं नर झाड सापडलं नाही. अण्णांनी चश्मा लावून दोन्ही फुलं पाहिली. मग म्हणाले, माडाला जागा तिकडं गोठ्यामागेही आहे. काकूंना सांगितलं तर त्यांनी आमसुलांची पिशवी पाठवली. आजी म्हणाली, ही आपल्याच झाडाची."

या आठवड्याचा उद्योग : घराजवळची पपई, कोकम किंवा जायफळ शोधा. खाली पडलेली फुलं गोळा करा आणि चित्र काढून नर की मादी ते लिहा. भिंग नसलं तरी चालेल, नीट पाहिलं की दिसतं. चित्रं आमच्याकडे पाठवायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
झाडकाका