गुडघा भरून आला, मनाचे काय?

कबड्डीपटूच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली की मैदानावर परतण्यास साधारणतः ९ महिने किंवा अधिक काळ लागतो. या काळात आपण स्नेहन, स्वेदन, लाक्षादि गुग्गुळ यांची योजना करतो. परंतु संघापासून दुरावलेला, निवड चाचणी हुकलेला, पुन्हा इजा होईल या भयाने झोप हरपलेला तरुण आपल्या केसपेपरवर उमटतच नाही.

हा दोष माझाही आहे. एका खेळाडूच्या गुडघ्याचा घेर मी दर आठवड्यास मोजला. झोप एकदाही विचारली नाही. गुडघा भरून आला, पण चढाईला त्याचा पाय उचलेना.

चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आणि सत्त्वावजयास त्रिविध औषधांत गणले. आपण ते परीक्षेपुरतेच पाठ केले काय?

प्रत्येक भेटीत झोप, भय आणि संघाशी असलेला संपर्क यांची विचारपूस व्हावी. वेदनाशामक गोळ्या वारंवार मागणाऱ्या खेळाडूस औषध दुकानदार बंधूंनी वैद्याकडे पाठवावे. विषाद दोन आठवडे टिकल्यास मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलल्यास त्याच दिवशी. यात आयुर्वेदास कमीपणा नाही. न विचारण्यात मात्र आहे.